काळी विद्यापीठे आणि चाकणच्या ट्रेनी मुली

पुरोगामी शिबिरांत आणि व्याख्यानमालांत अलीकडे एक नवी तक्रार वारंवार ऐकू येते. तरुण मुली, विशेषतः कारखान्यांत काम करणाऱ्या मुली, आता वैचारिक वाचन करीत नाहीत. शिफ्टच्या बसमध्ये आणि कॉट बेसिसच्या खोलीत त्या मोबाइलवर जादूच्या काळोख्या विद्यालयांतील प्रेमकथा वाचतात किंवा ऐकतात, असे या तक्रारीचे स्वरूप आहे. तक्रार करणारे बहुधा पन्नाशी ओलांडलेले असतात आणि ज्या पुस्तकांविषयी ते बोलतात त्यांतले एकही त्यांनी उघडून पाहिलेले नसते. तरीही निकाल ठाम असतो. हे साहित्य पलायनवादी आहे, अंधश्रद्धेला खतपाणी घालणारे आहे आणि भांडवली बाजाराने तयार केलेला माल आहे, असे तीन आरोप एका दमात ठेवले जातात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

या तीन आरोपांपैकी तिसरा खरा आहे, दुसरा चुकीचा आहे आणि पहिला अर्धा खरा आहे. त्या अर्ध्या सत्यातच चळवळीने शिकावे असे काही दडलेले असल्याने त्याचा विचार शेरेबाजीपलीकडे जाऊन केला पाहिजे.

प्रथम हे साहित्य काय आहे ते पाहू. इंग्रजीत ‘रोमँटसी’ या जोडनावाने ओळखला जाणारा हा प्रकार गेल्या काही वर्षांत जगभर पसरला. रिबेका यारोस या अमेरिकन लेखिकेची ‘फोर्थ विंग’ ही कादंबरी २०२३ साली निघाली. त्याच मालिकेतील तिसरी कादंबरी, ‘ऑनिक्स स्टॉर्म’, जानेवारी २०२५ मध्ये आली आणि पहिल्या आठवड्यातच तिच्या २७ लाखांहून अधिक प्रती खपल्या. कथा एका युद्धविद्यालयाची आहे. तेथे अजस्र उडत्या नागांवर स्वार होण्याचे शिक्षण मिळते. प्रवेशाच्या दिवशीच उंच, अरुंद कठड्यावरून चालत जावे लागते. जो घसरला तो मेला. रोज सकाळी मेलेल्या विद्यार्थ्यांची नावे रांगेपुढे वाचली जातात आणि मग दिवसाचे काम सुरू होते. नायिका शरीराने दुबळी आहे. तिचे प्रेम जडते ते फसलेल्या बंडाच्या म्होरक्याच्या मुलावर. हळूहळू तिच्या ध्यानात येते की या विद्यालयात शिकवला जाणारा इतिहासच खोटा आहे आणि सत्ताधाऱ्यांनी एक मोठे सत्य प्रजेपासून लपवून ठेवले आहे.

नेओमी नोव्हिक या लेखिकेची २०२० ते २०२२ या काळात प्रसिद्ध झालेली तीन पुस्तकांची मालिका याहून अधिक काळी आहे. तिच्यातील ‘स्कोलोमन्स’ या शाळेत शिक्षकच नाहीत. भिंतींतून आणि नळांतून राक्षसी जीव येतात व विद्यार्थ्यांना खातात. श्रीमंत जादूगार घराण्यांची मुले संरक्षक कड्यात राहतात. बाकीची मुले त्यांची हलकी कामे करून त्या कड्याच्या आश्रयाला जागा मिळवू पाहतात. स्कोलोमन्स हे नाव लेखिकेने कल्पिलेले नाही. ट्रान्सिल्व्हानियाच्या लोककथांत ही सैतानाची शाळा आहे. तेथे दहा विद्यार्थी घेतले जातात, शिक्षण पुरे झाल्यावर नऊ जणांना सोडून दिले जाते आणि दहाव्याला सैतान फी म्हणून आपल्याकडे ठेवून घेतो. ही दंतकथा वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

मराठीत अशा कथांचे छापील पुस्तक फारसे दिसत नाही. तथापि ‘प्रतिलिपी’सारख्या मंचांवर आणि श्राव्य मालिका विकणाऱ्या अ‍ॅपवर भागाभागांनी चालणाऱ्या प्रेमाच्या, मायेच्या, शापाच्या आणि सूडाच्या कथांचा पूर मराठीतही आलेला आहे. निगडी-आकुर्डीच्या महाविद्यालयांतील मुलगी इंग्रजी पुस्तक वाचते, महाळुंगे-कुरुळीच्या खोलीत राहणारी मुलगी मराठी किंवा हिंदी मालिका ऐकते, एवढाच काय तो फरक.

हे परके नाही

हे सारे पाश्चात्त्यांकडून आलेले फॅड आहे असे ज्यांना वाटते त्यांना स्वतःच्या परंपरेचे विस्मरण झाले आहे. काळ्या विद्येच्या आश्रमात घडणारी प्रेमकथा या देशाने महाभारताच्या आदिपर्वातच सांगून ठेवली आहे. देवांचा गुरुपुत्र कच हा असुरांचे गुरू शुक्राचार्य यांच्याकडे संजीवनी विद्या शिकायला जातो. शत्रूच्या मुलाने विद्या मिळवू नये म्हणून असुर त्याला पुन्हा पुन्हा ठार मारतात; एकदा तर त्याचे तुकडे करून लांडग्यांना घालतात आणि अखेरीस त्याची राख मद्यात मिसळून खुद्द गुरूलाच पाजतात. गुरुकन्या देवयानीच्या आग्रहावरून तो दर वेळी जिवंत होतो. विद्या हाती येताच मात्र तो देवयानीचे प्रेम नाकारून निघून जातो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ साली याच कथेवर ‘विद्याहरण’ हे संगीत नाटक लिहिले आणि महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) हीच देवयानी पुढच्या आयुष्यात भेटते, १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार या कादंबरीला मिळाला. तेव्हा कोणी त्यांना पलायनवादी म्हटले नाही.

या मूळ कथेतील एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. देवयानी जन्मापासून त्या आश्रमात राहते. संजीवनी विद्येचा जगातील एकमेव ज्ञाता तिचा बाप आहे. कचाला तीन वेळा जिवंत करण्यासाठी ती रडते, हट्ट धरते. पण ती विद्या तिलाच शिकवावी हा विचार बापाच्या, शिष्याच्या, देवांच्या किंवा असुरांच्या मनात येत नाही. कथाकाराच्याही येत नाही. ती विद्यालयात आहे आणि विद्यार्थिनी नाही. नव्या कादंबऱ्यांनी नेमका हाच एक बदल केला आहे. त्यांनी देवयानीला विद्यार्थ्याच्या आसनावर बसवले आहे. लाखो मुली या पुस्तकांकडे का धावतात याचे उत्तर ज्यांना हवे असेल त्यांनी ते येथे शोधावे.

मराठी कादंबरीच्या इतिहासातही अद्भुताचे दालन अगदी दाराशीच आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. सद्गुणी नायिका, संकटांची रांग, दुष्टांचा नाश आणि गोड शेवट हा त्यांचा साचा होता. त्याच्या थोडेसे आधी, १८५५ साली, फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. खऱ्या शाळेत गेलेली खरी मुलगी लिहू लागल्यावर अवघ्या सहा वर्षांत पांढरपेशा लेखणी राजकन्यांच्या संकटांत रमली, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. अद्भुत साहित्यावर राग धरायचाच तर तो येथपासून धरावा लागेल.

पुढे इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याच्या रहस्यांनी मराठी वाचकाला वेड लावले. हरि नारायण आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ (१८८५) हीसुद्धा त्याच्याच आधाराने उभी राहिली. हा रेनॉल्ड्स कोण होता? तो चार्टिस्ट होता. १८४८ साली लंडनच्या ट्रॅफल्गार चौकातील सभेत अध्यक्षस्थानी बसलेला, कामगारांच्या मताधिकारासाठी लिहिणारा, एका पेनीला एक भाग या दराने सरदारांच्या वाड्यांतील पापे मजुरांच्या वस्तीत पोचवणारा लेखक होता. मराठीने त्याचे भुयार घेतले, खंजीर घेतला, बुरखा घेतला; चार्टर तेवढा बंदरावरच राहिला. याचा अर्थ असा की स्वस्त, भागाभागांनी विकले जाणारे, रात्री चोरून वाचले जाणारे साहित्य हे स्वभावतःच प्रतिगामी असते ही समजूत खोटी आहे. ते कोणाच्या हाती आहे यावर ते काय करील हे ठरते.

जादू आणि भोंदूगिरी

दुसरा आरोप अंधश्रद्धेचा. ज्या भूमीत २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्याच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा अस्तित्वात येऊ शकला, त्या भूमीत हा आरोप हलक्याने घेता येत नाही. तरीही तो गैरलागू आहे. भोंदू बाबा विश्वास मागतो आणि त्या विश्वासाच्या बदल्यात पैसा, देह किंवा मुलाचा जीव मागतो. कादंबरी विश्वास मागत नाही. चारशे पाने होईपर्यंत अविश्वास बाजूला ठेवावा एवढीच तिची मागणी असते आणि पुस्तक मिटताच तो करार संपतो. उडत्या नागाची कादंबरी वाचून कोणी नागाच्या पाठीवर बसायला निघाल्याचे ऐकिवात नाही. कायद्यानेही अघोरी कृत्य आणि फसवणूक यांवर बोट ठेवले आहे, गोष्टीवर नाही. गोष्ट आणि गंडा यांतला भेद ज्या कार्यकर्त्याला करता येत नाही त्याच्या विवेकवादाचीच तपासणी केली पाहिजे.

याच पट्ट्याच्या कुशीत, इंद्रायणीच्या काठी, या भेदाचा जुना पाठ लोकांनी जपलेला आहे. चौदाशे वर्षे जगलेला, सर्व सिद्धी हस्तगत केलेला चांगदेव वाघावर बसून आणि सापाचा आसूड हाती घेऊन आळंदीला येतो. ज्या भावंडांना धर्ममार्तंडांनी वाळीत टाकले होते ती चार भावंडे भिंतीवर बसून त्याला सामोरी जातात, आणि ही थोर सिद्धी मिळवलेला योगी अखेरीस लहानग्या मुक्ताईला गुरू करतो. ही कथा चमत्काराचीच आहे. पण तिच्यातला चमत्कार सामर्थ्याची घमेंड उतरवण्यासाठी वापरलेला आहे. शतकानुशतके कष्टकरी वारकऱ्यांनी ती सांगितली ती भिंत चालते या भाबड्या समजुतीपायी नव्हे. मोठमोठ्या विद्यावंतांना एक अनाथ मुलगी धडा देते याचे त्यांना समाधान होते म्हणून.

ट्रेनी नावाची विद्यार्थिनी

आता पहिल्या आरोपाकडे, म्हणजे पलायनवादाकडे वळू. पलायन कोठून होते हे न विचारता पलायनाचा निषेध करणे म्हणजे तुरुंगाची भिंत न पाहता कैद्याला दोष देणे होय.

पिंपरी-चिंचवड ही औद्योगिक नगरी म्हणून उभी राहिली ती १९५४ च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आली, टेल्को आणि बजाज आले. नंतर चाकण, तळेगाव, महाळुंगेपर्यंत मोटारींचे कारखाने पसरले. पहिल्या पिढीचा कामगार गेटमधून आत शिरला तो कामगार म्हणून. आज बीड, लातूर, नांदेड, बुलढाणा, जळगाव येथून आयटीआय किंवा पदविका घेऊन येणारी मुले-मुली मोठ्या संख्येने आत शिरतात ती ‘शिकायला’. त्यांना ट्रेनी म्हणतात, अ‍ॅप्रेंटिस म्हणतात, ‘कमवा आणि शिका’ योजनेचे विद्यार्थी म्हणतात. त्यांच्या मजुरीला विद्यावेतन असे सुसंस्कृत नाव आहे.

हा शब्दांचा खेळ नाही, कायद्याचा खेळ आहे. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याच्या १८ व्या कलमाने शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही असे ठरवले आहे. आरोग्य, सुरक्षितता, कामाचे तास अशा बाबी वगळल्या तर कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. २०१४ साली या कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१९ च्या नियमांनी शिकाऊ उमेदवारांची कमाल मर्यादा मनुष्यबळाच्या १० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेली. २०१३ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने ‘नीम’ ही योजना आणली. तिच्यात तरुणांना तीन महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारखान्यात ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून ठेवता येत असे आणि त्यांचे नाते कारखान्याशी नसून मधल्या संस्थेशी असे. पुढे ती योजना गुंडाळली गेली, तिने लावलेली सवय मात्र राहिली. महाराष्ट्र सरकारनेही २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावीवाल्याला ६ हजार, आयटीआय-पदविकावाल्याला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये महिना, तेही मोजक्या महिन्यांसाठी.

हे सारे का घडले? महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने बदली, हंगामी किंवा तात्पुरत्या कामगारांना कायमपणापासून वंचित ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे तसेच राबवणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवली होती. २४० दिवस सलग काम केलेल्याला कायम करण्याची तरतूद आदर्श स्थायी आदेशांत होती. म्हणून प्रथम सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देण्याची युक्ती निघाली. मग त्याहून सोपी युक्ती सापडली. ज्याला कामगारच म्हणायचे नाही त्याला कायम करण्याचा प्रश्न येतोच कोठून? त्याला विद्यार्थी म्हणावे, कारखान्याला शाळा म्हणावे आणि एकच बोल्ट दोन वर्षे आवळणे याला अभ्यासक्रम म्हणावे.

ट्रान्सिल्व्हानियाच्या सैतानाची शाळा आता आठवावी. तेथे दहांतला एक ठेवून घेतला जाई आणि प्रत्येकाची प्रार्थना असे की तो एक मी नसावा. चाकणच्या शाळेतही मुदत संपली की बहुतेकांना प्रमाणपत्र देऊन गेटबाहेर सोडले जाते आणि थोडक्यांना ठेवून घेतले जाते. मात्र येथे प्रत्येक मुलीची प्रार्थना अशी असते की ठेवून घेतलेली ती एक आपण असावी. सैतानालाही हेवा वाटावा अशी ही व्यवस्था आहे.

या मुलीने दिवसभर लाईनवर उभे राहून रात्री एखाद्या अशा विद्यालयाची गोष्ट वाचली, जेथे प्रवेश घेताना जिवावर बेततो, जेथे रांगेत उभे करून मेलेल्यांची नावे वाचतात, जेथे वरच्या वर्गातले खालच्यांना तुडवतात आणि शिकवणारे खोटे बोलतात, तर ती वास्तवापासून पळाली असे कोणत्या तोंडाने म्हणावे? ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे केकवर लावायच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि पोटासाठी तेथे काम करणाऱ्या अनेक स्त्रिया होरपळून मेल्या. कादंबरीतील मेलेल्यांची निदान रोज सकाळी नावे तरी घेतली जातात. तळवड्याच्या स्त्रियांची नावे आज किती कार्यकर्त्यांना सांगता येतील?

खोट कोठे आहे

तरीही हे साहित्य निर्दोष आहे असे म्हणणे ही वाचकांची फसवणूक ठरेल. त्याची खोट जादूत नाही आणि शृंगारातही नाही. खोट आहे ती ‘निवडलेली’ या कल्पनेत. यांतील बहुसंख्य कादंबऱ्यांची नायिका प्रथम सामान्य, दुबळी, उपेक्षित दाखवली जाते. वाचक मुलगी स्वतःला तिच्यात पाहते. मग शंभरेक पानांनंतर कळते की तिच्या रक्तात विलक्षण शक्ती आहे, तिचे कूळ वेगळे आहे, सर्वांत बलाढ्य नाग आणि सर्वांत सामर्थ्यवान तरुण यांनी नेमकी तिचीच निवड केली आहे. म्हणजे ती सामान्य नव्हतीच. पाठीमागे राहिलेल्या, कठड्यावरून घसरलेल्या, नावे वाचली गेलेल्या मुली या केवळ तिच्या असामान्यत्वाची पार्श्वभूमी ठरतात. जन्मजात गुणवत्तेची हीच जुनी कहाणी या देशाने वर्णव्यवस्थेच्या रूपाने दोन हजार वर्षे ऐकली आहे. एकलव्याचा अंगठा कापून घेणारे विद्यालयही याच तत्त्वावर चालत होते.

शिवाय हीच शिकवण कारखान्याला हवी असते. ‘तू इतरांसारखी नाहीस, तू चांगले काम केलेस तर तुला नक्की ठेवून घेऊ’ हे वाक्य शेकडो ट्रेनींना एकेकटे गाठून सांगितले की त्यांची एकजूट होण्याचा धोका राहत नाही. प्रत्येक मुलगी स्वतःला नायिका समजते आणि शेजारच्या मशीनवरील मुलीला स्पर्धक.

परंतु या प्रकारातील सर्वोत्तम लेखनाने हीच खोट उघडी पाडली आहे, हे टीकाकारांना ठाऊक नाही. नोव्हिकच्या दुसऱ्या पुस्तकात नायिकेपाशी अफाट सामर्थ्य असते, ती एकटी सहज सुटू शकते. तरी एकटीने सुटण्याला ती नकार देते. शाळेतील एकूण एक मुलाला बाहेर काढायचे ती ठरवते आणि त्यासाठी परस्परांचा द्वेष करणाऱ्या, परस्परांच्या मरणावर जगणाऱ्या विद्यार्थ्यांना महिनोन् महिने एकत्र कवायत करायला लावते. तिसऱ्या पुस्तकात कळते की श्रीमंत जादूगारांच्या सुरक्षित वसाहती ज्या पायावर उभ्या आहेत तो पाया एका माणसाला अनन्वित यातना देऊन घातलेला असतो आणि बाहेर मुलांना खाणारा सर्वांत भयंकर राक्षस त्याच यातनेतून जन्मतो. आत सुरक्षित राहिलेल्यांच्या सुरक्षिततेची किंमत बाहेरचे देतात, हे तत्त्व इतक्या रोखठोकपणे सांगणारी किती पुस्तके अलीकडे कामगार चळवळीने छापली?

येथे हा प्रश्न चळवळीवरच उलटतो. १९८९ साली टेल्कोच्या कामगारांनी शनिवारवाड्यावर उपोषण मांडले तेव्हा सारा पुणे जिल्हा हादरला होता. २०१३ साली चाकणच्या बजाज कारखान्यातील कामगार सुमारे पन्नास दिवस कामाबाहेर राहिले. या लढ्यांचे मोल कमी नाही. पण त्याच पट्ट्यात कायम कामगारांच्या संघटना दर तीन वर्षांनी वेतनकरार करतात, फटाके वाजवतात, पेढे वाटतात आणि त्याच लाईनवर तेच काम चौथाई-पाचवा हिस्सा पैशांत करणाऱ्या ट्रेनी मुलीचे नाव त्या करारात कोठेही नसते. ती सभासद होऊ शकत नाही, कारण कायद्याने ती कामगार नाही. आणि कायद्याचे हे उत्तर ऐकून संघटनेचे पदाधिकारी निश्चिंत होतात. ज्या संघटनेने ट्रेनीचा प्रश्न कराराच्या मागणीपत्रात कधी घातला नाही, ती संघटना आपल्या कड्यात सुरक्षित बसलेली एक वसाहतच आहे. बाहेरचा राक्षस तिनेही पोसलेला आहे आणि तो केव्हातरी आत शिरल्यावाचून राहणार नाही.

नाण्यांचा हिशेब

राहिला तिसरा आरोप, बाजाराचा. तो खरा आहे. मात्र टीकाकार ज्या अर्थाने करतात त्या अर्थाने नाही. प्रश्न या कथा विकल्या जातात हा नाही. अर्नाळकरांच्या रहस्यकथाही विकल्याच जात होत्या. प्रश्न विकण्याच्या पद्धतीचा आहे. अ‍ॅपवरील मालिकेचे सुरुवातीचे भाग फुकट असतात. नायिका संकटाच्या टोकाला आली की कुलूप लागते आणि पुढचा भाग ‘नाणी’ मोजून किंवा उद्यापर्यंत थांबून उघडावा लागतो. भाग शेकड्यांनी असतात. नाण्यांमुळे खर्च रुपयांत दिसत नाही, हीच त्यांची खुबी. छापील पुस्तक एक मुलगी विकत घेई आणि खोलीतील सहा जणी वाचत. येथे प्रत्येकीला आपले कुलूप आपणच उघडावे लागते. पुस्तक हातोहात फिरे, वाचलेल्यावर भांडण होई, त्यातून मैत्री होई. हेडफोनने ते सार्वजनिक सुख खासगी केले. लिहिणाऱ्या गृहिणी आणि विद्यार्थिनी मजकूर पुरवतात, कथा किती ताणायची हे वाचकांच्या आकड्यांवरून ठरते, आणि कोणाला काय मिळाले याचा हिशेब मंचापाशी असतो. विरोध करायचा तर या कुलुपाला करावा. गोष्टीला नव्हे.

आणि या कुलुपाला पर्याय काय आहे? जानेवारी २०१६ मध्ये याच पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर, ८९ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. ज्या सार्वजनिक कारखान्याने या नगरीला जन्म दिला त्याच्या आवारात, एका खासगी विद्यापीठाच्या यजमानपदाखाली, साहित्याचा मोठा उत्सव झाला. मांडव उठला. तळवडे, चिखली, कुरुळी, महाळुंगे येथील खोल्यांत राहणाऱ्या मुलीला त्यातून काय मिळाले? दुसऱ्या पाळीहून ती रात्री उशिरा परतते, सकाळी उठते तेव्हा वाचनालय उघडे असते पण तिच्या वाटेवर नसते, आणि पहिल्या पाळीहून परतते तेव्हा ते बंद होण्याच्या बेतात असते. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे. कामगार कल्याण निधीचा कायदा तर १९५३ चा आहे आणि त्याखालील मंडळ कामगारांच्या व मालकांच्या वर्गणीतून केंद्रे व वाचनालये चालवते. जी कामगारच नाही तिची वर्गणी कोण कापणार आणि त्या केंद्राचे दार तिच्यासाठी कोण उघडणार?

तेव्हा तक्रारी पुरे झाल्या. चळवळीपुढे तीन कामे आहेत आणि तिन्ही हातातली आहेत.

पहिले, औद्योगिक वसाहतींत पाळ्यांच्या वेळा पाहून उघडणारी वाचनालये मागावीत. कामगार कल्याण केंद्रांचे सभासदत्व ट्रेनी, शिकाऊ आणि कंत्राटी मुला-मुलींना हक्काने मिळावे. त्या वाचनालयांत वैचारिक ग्रंथांबरोबर काळ्या विद्यापीठांच्या कादंबऱ्याही असाव्यात, आणि त्या मागणाऱ्या मुलीकडे कोणी नाक मुरडून पाहू नये.

दुसरे, कार्यकर्त्यांनी ही पुस्तके वाचावीत. चळवळीच्या नियतकालिकांनी त्यांची परीक्षणे छापावीत. कोणती नायिका एकटी सुटते आणि कोणती सर्वांना घेऊन बाहेर पडते, या एका प्रश्नावर शिबिरात मुलींना बोलते करावे. अमूर्त सिद्धांतावरील तासाभराच्या व्याख्यानापेक्षा या चर्चेतून अधिक निष्पन्न होईल. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात अण्णाभाऊ साठ्यांनी शेषनागाच्या मस्तकावर तोललेल्या पृथ्वीची पुराणकथाच हाती घेतली आणि ती दलितांच्या, कष्टकऱ्यांच्या तळहातावर आणून ठेवली. त्यांनी नागाची चेष्टा करण्यात वेळ घालवला नाही.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, येत्या प्रत्येक वेतनकराराच्या मागणीपत्रात ट्रेनींचा मुद्दा पहिल्या पानावर आला पाहिजे. समान कामाला समान मोबदला, अपघात झाल्यास पूर्ण भरपाई, मुदतीनंतर कायम करण्याचा लेखी आणि उघड निकष, आणि कामगार म्हणून मान्यता. कायदा त्यांना कामगार म्हणत नसेल तर संघटनेने म्हणावे. कायद्याने कामगाराला संघटनेचा हक्क दिला तोही संघटना उभ्या राहिल्यानंतरच.

चाकणच्या ट्रेनी मुलीला स्वप्न पाहायला कोणी शिकवण्याची आवश्यकता नाही. ते ती रोज रात्री पाहते आहे. त्या स्वप्नात एक विद्यालय आहे, जेथे तिचा जीव जाऊ शकतो पण जेथे तिला खरोखर काही शिकवले जाते आणि जेथे तिचे नाव कोणाला तरी ठाऊक असते. दिवसा ज्या शाळेत ती जाते तेथे या दोहोंपैकी एकही गोष्ट नाही. ही तफावत पाहून ज्यांना मुलीची अभिरुची सुधारावीशी वाटते आणि शाळा सुधारावीशी वाटत नाही, त्यांनी आपण नेमके कोणाच्या बाजूला उभे आहोत याचा एकदा विचार करावा.